मिरचीचा तिखटपणा कुठे असतो?

राघू हिरवी मिरची देठासकट फस्त करतो आणि दुसरीसाठी ओरडतो. माणसाची जीभ मात्र त्याच मिरचीने पोळते. मग तिखटपणा हा मिरचीचा गुण म्हणावा की खाणाऱ्याचा?

अंगावर पीस फिरवले की गुदगुल्या होतात, पण गुदगुली पिसात नसते, असे गॅलिलिओने १६२३ साली लिहिले आणि रंग, चव, वास हेही त्याच मापाने मोजले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्ये हा भेद पक्का केला. आकार, गती, संख्या हे वस्तूचे प्राथमिक गुण आणि रंग, चव, ऊब हे दुय्यम. कारण एक हात गार व दुसरा गरम असताना दोन्ही एकाच पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला थंड लागते. मात्र दुय्यम म्हणजे भ्रामक, असे लॉक म्हणत नाही, आणि इथेच त्याचे मत हमखास चुकीचे सांगितले जाते. त्याच्या मते दुय्यम गुण म्हणजे आपल्यात संवेदना उत्पन्न करण्याची वस्तूमधली शक्ती होय.

या शक्तीचा पत्ता मिरचीच्या बाबतीत १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला. चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचे प्रथिन असते. एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेने उघडणारे हे दार मिरचीतले कॅप्सेसिन हे रसायनही उघडते, त्यामुळे काहीच भाजले नसताना मेंदूकडे भाजल्याची वर्दी जाते. पक्ष्यांमधले हेच प्रथिन उष्णतेला प्रतिसाद देते, पण कॅप्सेसिनला जवळजवळ देत नाही. मिरचीत कॅप्सेसिन किती, हे राघूला विचारून ठरत नाही; तिखटपणा मात्र मिरची आणि जीभ यांच्या जोडीतच घडतो.

आकार तरी रंग किंवा स्पर्श वगळून कुणाला कल्पिता येतो का, असे विचारून आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने १७१० मध्ये लॉकची ही विभागणीच अमान्य केली. शंका बोचरी आहे, पण तिने कॅप्सेसिनचे मोजमाप काही अडत नाही.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी रेघ वेगळ्याच जागी ओढली. त्यांच्या चोवीस गुणांपैकी रूप, रस, गंध, स्पर्श हे थेट द्रव्याचे, तर सुख, दुःख, इच्छा हे आत्म्याचे. सहा रसांमधला कटु म्हणजे आपला तिखट. मराठीत आल्यावर तोच शब्द ‘कडू’ झाला, हा भाग निराळा. आजच्या शरीरशास्त्राला ही यादी दिली, तर ते कटु हा रस तिथून उचलून स्पर्शाच्या खात्यात, वैशेषिकांनी उष्ण आणि शीत जिथे ठेवले आहेत त्यांच्या शेजारी, नेऊन ठेवील.