स्टिअरिंग हलवून गाडी पुढे कशी जाते?

अनेक गृहसंकुलांच्या पार्किंगमध्ये हल्ली एक बुटकी, प्लॅस्टिकची खेळगाडी दिसते. तिला बॅटरी नसते, पेडल नसते, साखळी किंवा गिअर नसतो आणि तिच्यावर बसलेल्या मुलाचे पायही जमिनीला लागत नाहीत. मूल फक्त स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे भराभर हलवते आणि गाडी सपाट फरशीवरून चांगल्या वेगाने पुढे निघते. बाजारात तिला स्विंग कार किंवा मॅजिक कार म्हणतात. मुलांच्या स्वतःच्या ताकदीवर चालणाऱ्या साऱ्या खेळगाड्यांमध्ये यामिकीच्या, म्हणजे बल आणि गतीच्या शास्त्राच्या, दृष्टीने मला ही सर्वांत विलक्षण वाटते. स्टिअरिंग दिशा बदलण्यासाठी असते, गती देण्यासाठी नव्हे, ही आपली पक्की समजूत ती अगदी सहज मोडून काढते.

या गाडीचे कोडे सोडवण्याआधी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गाडी आणि तिच्यावरचे मूल यांना मिळून एकच वस्तू मानले, तर त्या वस्तूच्या आतल्या आत कितीही जोर लावला तरी तिचे वस्तुमानकेंद्र, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, जागचे हलत नाही. ते हलायचे असेल तर बाहेरून कोणीतरी ढकलले पाहिजे. सपाट जागेवरच्या खेळगाडीच्या बाबतीत असे बाहेरचे एकच कोणी असते, ते म्हणजे जमीन. मूल कोणत्या ना कोणत्या मार्गाने जमिनीला मागे रेटते आणि जमीन घर्षणाच्या रूपाने त्याला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. घर्षण म्हणजे गतीला होणारा अडथळा, एवढेच आपण शाळेत लक्षात ठेवलेले असते. पण घर्षणाशिवाय चालणे, धावणे, सायकल चालवणे यांपैकी काहीही शक्य नाही. सर्व खेळगाड्यांमधला फरक एवढाच, की जमिनीला मागे रेटण्याचे काम कोणता अवयव करतो आणि ते मधल्या कोणत्या रचनेतून जमिनीपर्यंत पोहोचते.

पांगुळगाड्यात हा मार्ग सर्वांत सरळ असतो. नुकते उभे राहू लागलेले मूल दांडा धरते आणि पायांनी जमीन मागे ढकलते. गाडा फक्त आधार देतो. जुन्या लाकडी पांगुळगाड्याची चाके बेअरिंगशिवाय आसावर घासत फिरत, आणि ही घासण उपयोगाचीच होती, कारण चाके फार मोकळी असती तर गाडा पुढे पळाला असता आणि मूल तोंडावर आपटले असते. मोठ्या माणसांच्या वाहनाची सुरुवातही अशीच झाली. कार्ल ड्राइस याने 1817 मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे चालवून दाखवलेल्या दुचाकीला पेडल नव्हते; स्वार बसल्या बसल्या पायांनी जमीन मागे लोटत असे. आज लहान मुलांसाठी मिळणारी बिनपेडलची बॅलन्स बाइक तत्त्वतः तेच यंत्र आहे.

तीनचाकी सायकलमध्ये पाय जमिनीपासून सुटतात. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसवलेले असते. ही रचना 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये तयार होऊ लागलेल्या दुचाकींची आहे, आणि तिची मर्यादाही तेव्हाचीच आहे: पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. चाकाचा व्यास 25 सेंटिमीटर धरला तर एका फेरीत गाडी सुमारे 78 सेंटिमीटर पुढे जाते. मुलाने सेकंदाला एक फेरी मारली, म्हणजे पाय बऱ्यापैकी वेगाने चालवले, तरी ताशी तीन किलोमीटरसुद्धा वेग मिळत नाही. बरोबर चालणाऱ्या आजोबांना म्हणूनच धावावे लागत नाही. मोठ्यांच्या सायकलींनी ही अडचण आधी चाक मोठे करून सोडवली आणि पुढचे चाक वाढत वाढत दीड मीटर व्यासापर्यंत गेले. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली याच्या रोव्हर सायकलने साखळीने मागचे चाक फिरवण्याची रचना रूढ केली, तेव्हा पेडलच्या एका फेरीत चाकाच्या एकाहून जास्त फेऱ्या होऊ लागल्या आणि मोठ्या चाकाची गरज संपली. तीनचाकीच्या आसाला फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी रचना, हीही नसते. त्यामुळे उतारावर चाकाबरोबर पेडलही गरगर फिरते आणि मुलाचे पाय त्याच्यामागे धावू शकत नाहीत.

तीनचाकीतली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. पेडल चाकाच्या दोन बाजूंना असते, तर हँडलचा दांडा बरोबर मधोमध. उजवे पेडल पुढे दाबले की चाकाला पुढे फिरवणाऱ्या बलाबरोबरच हँडलला वळवणारे बलही तयार होते, आणि डावे दाबले की ते उलट दिशेला जाते. नवख्या मुलाची सायकल नागमोडी चालते त्याचे एक मोठे कारण हे आहे. हात घट्ट झाले की ही वळवळ थांबते. तीनचाकीत वाया जाणाऱ्या या वळवळीवरच स्विंग कार चालते.

ती गाडी उलटी करून पाहावी. मागे रुंद अंतरावर दोन चाके असतात आणि ती सरळ दिशेला पक्की बसवलेली असतात. पुढे स्टिअरिंगचा दांडा तळातून खाली येतो आणि त्याला एक आखूड, आडवा हात जोडलेला असतो. या हाताच्या टोकाला एकमेकांजवळ दोन छोटी चाके असतात. बहुतेक गाड्यांना पुढच्या कोपऱ्यांत आणखी दोन चाके असतात, पण ती गाडी कलंडू नये म्हणून असतात, गतीशी त्यांचा संबंध नसतो. सगळे रहस्य त्या आखूड हातात आहे. छोटी चाके दांड्याच्या बरोबर खाली नसून त्याच्यापासून काही सेंटिमीटर मागे आहेत. ती दांड्याच्या नेमकी खाली असती, तर स्टिअरिंग फिरवल्यावर जागच्या जागी वळली असती आणि गाडी मुळीच हलली नसती. ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांतही असेच अंतर ठेवलेले असते. तिथे ती चाके मोकळी फिरतात, इथे त्यांची दिशा मुलाच्या हातात असते.

आता चाकाचा एक गुण लक्षात घेऊ. चाक ज्या दिशेला तोंड करून असते त्या दिशेला ते सहज घरंगळते, पण आडव्या दिशेला जवळजवळ हलत नाही. तिथे जमिनीचे घर्षण त्याला धरून ठेवते. मुलाने स्टिअरिंग डावीकडे फिरवले की दांड्यामागची छोटी चाके उजवीकडे झाडली जाऊ पाहतात. जमीन त्यांना आडवे सरकू देत नाही. मग चाके जागेवर राहतात आणि गाडीचे नाकच डावीकडे ढकलले जाते. मूल आणि गाडी मिळून बरेच जड असतात आणि त्यांना एकदम वळवणे जडत्वामुळे सोपे नसते, त्यामुळे चाके आणि जमीन यांच्यात चांगलाच आडवा ताण तयार होतो.

हा ताण गाडीला पुढे कधी रेटतो, हा खरा प्रश्न आहे. जमिनीची प्रतिक्रिया नेहमी चाकाच्या तोंडाला काटकोनात असते. चाक सरळ असेल तर ती पूर्णपणे आडवी, म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने निरुपयोगी. चाक 10 अंश वळलेले असेल तर तिचा सुमारे 17 टक्के भाग गाडीच्या लांबीच्या दिशेने मिळतो आणि 30 अंशांवर तो निम्मा होतो. स्टिअरिंग डावीकडच्या टोकाला पोहोचून परत फिरू लागते, तेव्हा छोटी चाके गाडीच्या उजवीकडे तिरकी असतात आणि हात त्यांना मध्याकडे खेचत असतो. चाके जमिनीला डावीकडे आणि मागे रेटतात. जमीन त्यांना उजवीकडे आणि पुढे रेटते. उजवीकडच्या टोकाला हेच आरशातल्यासारखे उलट घडते. तिथे आडवा भाग डावीकडे असतो, पण पुढचा भाग पुन्हा पुढेच असतो. एका झोक्यातले आडवे रेटे त्यानंतरच्या झोक्यात फिटतात, पुढे नेणारे रेटे मात्र साठत जातात.

मध्यापासून टोकाकडे जाताना हीच चाके गाडीला मागे रेटत नाहीत का, अशी शंका चौकस वाचकाला येईल, आणि ती योग्य आहे. झोक्याच्या सुरुवातीला हात स्टिअरिंगला वेग देत असतो, तेव्हा बलाचा एक अंश खरोखर मागे असतो. पण त्या वेळी चाके जवळजवळ सरळ असतात, म्हणून तो अंश नगण्य असतो. सर्वांत मोठे बल टोकाजवळ लागते, कारण तिथे स्टिअरिंग थांबवून उलटे फिरवायचे असते, आणि नेमकी तिथेच चाके सर्वांत जास्त तिरकी असतात. बल मोठे असताना कोन मोठा आणि कोन लहान असताना बलही लहान, या जुळणीमुळे पुढचा रेटा शिल्लक उरतो. मला या खेळण्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, कारण ही वेळ कोणत्याही कप्पीने किंवा दात्याने साधलेली नाही. पुढे-मागे हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीत ती मुळातच असते.

यातून एक गंमतशीर निष्कर्ष निघतो. त्याच कोनातून स्टिअरिंग दुप्पट झपाट्याने हलवले, तर चाके घसरली नाहीत असे धरून, तत्त्वतः रेटा चौपट होतो, कारण दुप्पट वेग निम्म्या वेळात उलटा करावा लागतो. म्हणून संथ, ऐसपैस झोक्यांपेक्षा छोटे आणि चपळ झोके जास्त कामाचे ठरतात. हे मुलांना कोणी शिकवत नाही. फरशीवर थोडा वेळ गाडी चालवली की हात आपोआप ती लय पकडतात. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवून छोटी चाके दांड्याच्या पुढे आणली आणि मग हलवले, तर गाडी मागे जाऊ लागते. जिकडे जायचे तिच्या उलट बाजूला चाके असली पाहिजेत, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. पुढे जाताना हात सोडले तर ही चाके आपणहून सरळ होतात, हा त्या मागे ठेवलेल्या अंतराचा आणखी एक फायदा आहे.

प्रयोग करून पाहायचा असेल तर छोट्या चाकांच्या कडेला ओला खडू चोळावा आणि कोरड्या शहाबादी फरशीवर मुलाला गाडी चालवू द्यावी. पुढच्या चाकांचा माग नागमोडी उमटतो. जिथे चाके नीट घरंगळली तिथे रेघ बारीक आणि स्वच्छ असते. जिथे ती आडवी घसरली तिथे रेघ फरफटलेली, फिस्कटलेली दिसते. नंतर तीच गाडी बारीक धूळ बसलेल्या किंवा ओल्या गुळगुळीत टाइल्सवर चालवून पाहावी. हात तितकेच राबतात, पण चाके आडवी सरकत राहतात आणि गाडी जागेवरच वळवळते. खडबडीत डांबरावर अडचण वेगळी असते: तिथे पकड भरपूर असते, पण छोटी चाके प्रत्येक खड्याला अडखळतात आणि मिळालेला वेग घरंगळण्याच्या विरोधातच संपतो. या गाडीला आडवी पकड जास्त आणि घरंगळण्याचा विरोध कमी अशी दोन्ही गोष्टींची एकदम गरज असते. रबरासारख्या पॉलियुरेथेनची चाके कडक प्लॅस्टिकच्या चाकांपेक्षा चांगली चालतात ती मुख्यतः पकडीमुळे.

या गाडीला ब्रेक नसतो, ही गोष्ट पालकांनी गांभीर्याने घ्यायला हवी. सपाट जागी हात थांबले की ती थोड्या अंतरात थांबते, पण तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर गती देणारे बल गुरुत्वाकर्षण असते आणि हात त्याला रोखू शकत नाहीत. 1 मीटर उंचीचा उतार घर्षणाशिवाय उतरला तर तळाशी वेग ताशी जवळजवळ 16 किलोमीटर होतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो कमी भरतो, तरीही तो पाच वर्षांच्या मुलाच्या पायांनी थांबवण्याजोगा नसतो.

चाकाचे ‘पुढे जाऊ देईन, आडवे जाऊ देणार नाही’ हे बंधन शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ खुणावत आले आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ याच्या 1894 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यामिकीवरील ग्रंथात बंधनांचे होलोनोमिक आणि नॉनहोलोनोमिक असे दोन प्रकार केलेले आहेत. पहिल्या प्रकारातले बंधन वस्तू कुठे पोहोचू शकते यावरच मर्यादा घालते. चाकाचे बंधन दुसऱ्या प्रकारातले आहे. ते कोणत्याही क्षणी कोणत्या दिशेने जाता येईल हे ठरवते, पण शेवटी कुठे पोहोचता येईल यावर मर्यादा घालत नाही. मोटार आडवी सरकू शकत नाही, तरीही पुढे-मागे करत ती फुटपाथलगतच्या जागेत लावता येते, ते याच कारणाने. उलटसुलट हालचालींची बेरीज शून्य न होता एखाद्या दिशेने शिल्लक उरणे हा या बंधनांचा स्वभाव आहे, आणि स्विंग कार त्याच शिल्लकीवर चालते.

स्विंग कारची जवळची नातलग असलेल्या रोलर रेसर या अमेरिकी खेळगाडीचा सखोल अभ्यास पी. एस. कृष्णप्रसाद आणि दिमित्रिस त्साकिरिस यांनी मेरीलँड विद्यापीठात 1990 च्या दशकात सुरू केला. त्याच दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी स्नेकबोर्डचे, म्हणजे पाय आणि कंबर पिळून जमिनीला पाय न लावता चालवायच्या फळीचे, गणित मांडले. त्यांना रस होता तो यंत्रमानवांत. टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी 1972 मध्येच सापासारखा यंत्रमानव चालवून दाखवला होता. त्याच्या प्रत्येक मणक्याखाली मोटर न लावलेली साधी चाके होती. मोटरी होत्या त्या फक्त सांध्यांत, शरीर डावीकडे-उजवीकडे वाकवण्यासाठी. चाके आडवी सरकत नसल्यामुळे ते वाकणे पुढच्या गतीत बदलत असे. स्विंग कारमध्ये असा सांधा एकच असतो आणि त्याची मोटर म्हणजे मुलाचे दोन हात.