भिंग काळ्याचे पांढरे करते तेव्हा

सीमेन्स स्टार हा भिंग तपासण्याचा चार्ट सायकलच्या चाकासारखा दिसतो: मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्या. अशा ३६ जोड्यांचा तारा संगणकावर काढा आणि १० पिक्सेल व्यासाच्या, सगळीकडे सारख्या उजळ थाळीने तो धूसर करा. फोकस चुकलेले भिंग ढोबळमानाने हेच करते. प्रत्येक बिंदूची ते थाळी बनवते. मध्यापासून सुमारे ४७ पिक्सेलवर एक करडे कडे उमटेल. त्याच्या आत, साधारण २६ पिक्सेलपर्यंत, पाकळ्या पुन्हा दिसू लागतात, पण काळीच्या जागी पांढरी आणि पांढरीच्या जागी काळी!

४७ पिक्सेलवरच्या परिघाला ३६ ने भागले की एका जोडीची रुंदी ८.२ पिक्सेल येते. थाळी तिच्या १.२२ पट, आणि याच गुणोत्तराला दोन्ही रंग पूर्ण मिसळतात. आणखी आत गेले की काळ्या पाकळीवर ठेवलेली थाळी शेजारचे पांढरेच जास्त गोळा करते. अमेरिकी हवाई दलाच्या १९५१ च्या तीन-पट्ट्यांच्या चार्टवर हा उलटा पट्टा सहज फसवतो, कारण तिथे आपण फक्त ‘रेघा सुट्या दिसतात का’ एवढेच पाहतो. ताऱ्यात मात्र पाकळी कुठे उलटली ते डोळ्यांनी माग काढता येते. म्हणून पहिला प्रयोग ताऱ्यावरच करावा.

खऱ्या भिंगाच्या दोषांसाठी थाळी पुरत नाही. तरंगाग्रापासून, म्हणजे प्रकाशलहरीच्या आघाडीच्या पृष्ठभागापासून, सुरुवात करावी लागते. ५१२ × ५१२ चौकटींच्या जाळीत मधोमध २५६ व्यासाचे वर्तुळ घ्या. हे भिंगाचे छिद्र. त्यात प्रत्येक ठिकाणी तरंग किती मागे-पुढे झाला ते झर्निकेच्या बहुपदींनी (वर्तुळावर भिंगाचे दोष मांडणाऱ्या सूत्रांनी) भरा. त्या चुकीतून प्रकाशाची कला (फेज) काढा, फूरिए रूपांतर करा, आलेल्या संख्यांच्या परिमाणांचे वर्ग करा. मिळते ती एका बिंदूची प्रतिमा. तिची बेरीज १ करून चार्टशी कॉन्व्होल्यूशन करा, म्हणजे चार्टच्या प्रत्येक बिंदूच्या जागी ही प्रतिमा ठेवून सगळ्यांची बेरीज करा. वर्ग आधी, कॉन्व्होल्यूशन नंतर. उलट केले तर लेझरखालचे चित्र मिळते, दिव्याखालचे नाही.

एफ/४ छिद्र (नाभीय अंतराच्या चौथाई व्यासाचे) आणि ०.५५ मायक्रॉन तरंगलांबी घेतली तर या जाळीची चौकट प्रतिमेत १.१ मायक्रॉनची होते. वर्तुळाने सगळी जाळी भरली तर ती २.२ मायक्रॉनची होईल आणि बारीक तपशील खोट्या नक्षीत बदलतील. छिद्र जाळीच्या निम्म्याहून मोठे नको. चार्ट चौपट आकारात काढून मग लहान करा, नाहीतर ताऱ्याच्या मध्यात आधीच मोआरे (पिक्सेलमुळे उमटणारी खोटी नक्षी) असते आणि दोष भिंगावर जातो. कडेला रिकामी जागा सोडा, कारण फूरिए पद्धतीत उजवी कड डावीकडून आत येते. जेपेग चित्र वापरत असाल तर गॅमा (उजळपणाच्या आकड्यांवर केलेला वक्र बदल) काढून धूसर करा, मग परत लावा.

अस्टिगमॅटिझम, म्हणजे दोन दिशांना फोकस वेगळा पडण्याचा दोष, एकटाच पाहू नका. त्याची ०.५ तरंग आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) चूक भरली, तर जोडीला ०.३५ तरंग फोकसची चूक घाला. एका दिशेची वक्रता पूर्ण नाहीशी होते: आडव्या पट्ट्या धारदार, उभ्या पुसट. फोकसच्या चुकीचे चिन्ह बदलले की उभ्या धारदार. प्रत्यक्ष भिंग तपासताना फोकसच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोन फोटो घ्यायचे ते यासाठीच.