घाटेअळीच्या रक्तात गांधीलमाशी काय करते

पावसाळा सरत आला की एक फोटो दरवर्षी फिरायला लागतो. त्यात हिरवी किंवा केसाळ अळी असते, तिच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ही अळी अंडी घेऊन फिरतेय, दिसली की जाळून टाका. कृपया जाळू नका. अळी अंडी घालूच शकत नाही, ते काम पतंग झाल्यावर मादीचं, हे आपण शाळेत शिकलोय. ते पांढरे कोष एका बारीक परोपजीवी गांधीलमाशीचे असतात, तिची पिल्लं अळीच्या पोटात वाढून बाहेर आलीत आणि ती अळी आता जवळपास मेलेलीच आहे. तिला जाळलं तर पुढच्या पिढीच्या गांधीलमाश्या जळतात, म्हणजे आपलंच नुकसान.

आपल्याकडे हरभऱ्यावर असंच काम करणारी माशी म्हणजे कॅम्पोलेटिस क्लोरिडी. काळसर, सडपातळ, माणसाला काही करत नाही. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटेअळी लहान असतानाच, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेच्या सुरुवातीला, ती तिच्या अंगात एक अंडं टोचते. पिल्लू आतून अळी खातं, बाहेर येतं आणि रिकाम्या कातडीशेजारी स्वतःचा कोष विणतं. घाटेअळी खरा फडशा पाडते ती मोठी झाल्यावर, शेवटच्या अवस्थांमध्ये, आणि ही अळी तिथवर पोचतच नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. अळीच्या अंगात बाहेरचं एक जिवंत अंडं गेलंय, मग अळी गप्प का बसते? अळीला रोगप्रतिकारशक्ती नसते असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण ती असते आणि चांगली तगडी असते. आपल्यासारख्या अँटीबॉडी नाहीत, लस वगैरे प्रकार नाही, पण तिच्या रक्तात फिरणाऱ्या पेशी आहेत. अंडं दिसलं की ग्रॅन्युलोसाइट नावाच्या पेशी आधी त्याला चिकटतात आणि एक इशारा सोडतात, काही पतंगांच्या अळ्यांमध्ये तो फक्त 23 अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा आहे असं सापडलंय. तो मिळाला की प्लाझ्मॅटोसाइट नावाच्या पेशी, ज्या एरवी गोल गोल वाहत असतात, त्या एकदम पसरट आणि चिकट होतात आणि अंड्याभोवती थरावर थर बसवत जातात. वरून फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम मेलॅनिन तयार करतं, तेच काळं रंगद्रव्य जे आपल्या केसात असतं, आणि सगळा गोळा काळा पडून अंडं आतल्या आत मरतं. चुकीच्या जातीच्या अळीत अंडं घातलं तर असंच होतं.

मग योग्य जातीत का होत नाही, तर माशी अंड्यासोबत व्हायरस टोचते. 1981 साली अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले ब्रॅडली व्हिन्सन, मॅक्स समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कॅम्पोलेटिस वंशातल्या दुसऱ्या जातीवर हे दाखवलं. माशीची अंडी धुऊन अळीत सोडली तर अळीच्या पेशी त्यांना गुंडाळून मारतात, त्याच अंड्यांबरोबर माशीच्या अंडाशयातून शुद्ध केलेला व्हायरस दिला तर अंडी वाचतात.

आणि हा व्हायरस नेहमीच्या व्हायरससारखा नाहीच. त्याची जनुकं माशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये कायमची बसलेली आहेत, आईकडून बापाकडून वारशानं येतात, पण कण तयार होतात फक्त मादीच्या अंडाशयाच्या एका भागात. त्या कणात डीएनएच्या बऱ्याच छोट्या गोल कड्या भरलेल्या असतात, म्हणून नाव पॉलिडीएनए-व्हायरस. त्यात नवीन व्हायरस बनवायची जनुकं भरलेलीच नसतात, त्यामुळे अळीत तो वाढत नाही, नुसता तिच्या पेशींकडून माशीच्या कामाची प्रथिनं बनवून घेतो. त्यातलं एक कुटुंब व्हँकायरिन. आपल्या आणि किड्यांच्याही पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाची प्रथिनं असतात जी रोगप्रतिकाराची जनुकं चालू करतात, आणि त्यांना धरून ठेवणारं आय-कप्पा-बी हे वेगळं प्रथिन असतं. जंतू आला की पेशी ते धरून ठेवणारं प्रथिन मोडून टाकते आणि जनुकं चालू होतात. व्हँकायरिन दिसायला या आय-कप्पा-बीसारखंच, फक्त त्यात मोडण्यासाठी लागणारा भागच नाही, म्हणजे धरलं ते सोडणार नाही. गुंतागुंतीचं आहे, मान्य, पण दुसऱ्यांदा वाचून बघा, फार सुंदर आहे. गांधीलमाश्यांच्या ब्रॅकोनिड या दुसऱ्या मोठ्या कुळात अशी व्यवस्था सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्याच व्हायरसपासून आली, म्हणजे एकच युक्ती निसर्गात निदान दोनदा जमून आलीय.

व्हायरस म्हटलं की लोक घाबरतात, कोरोनानंतर तर जास्तच. घाटेअळीवर आपण फवारतो तो एचएएनपीव्ही हाही व्हायरसच, पण तो बाजूच्या पोपटालासुद्धा काही करत नाही, माणसाचं तर सोडाच. तो लहान अळ्यांवर आणि संध्याकाळीच का फवारायचा याचंही उत्तर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर निकामी होतो, आणि अळी मोठी झाली की आतड्याच्या लागण झालेल्या पेशीच झटकून टाकते, मग संसर्ग पुढे सरकत नाही. याउलट मंतरलेलं पाणी, होमाची राख आणि एका फवारणीत महिनाभर अळी नाही अशा बाटल्या जोरात विकल्या जातात, त्यातलं नेमकं काय अळीच्या कुठल्या पेशीवर काम करतं एवढं विक्रेत्याला जरूर विचारा.

हरभऱ्यात ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा माशीचं कार्ड, लावून उपयोग झाला नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते, ती बरोबर आहे. हरभऱ्याच्या पानावर जी आंब असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, तिच्यात आणि त्या लवेत इवलीशी ट्रायकोग्रामा माशी टिकत नाही. कॅम्पोलेटिस मात्र तिथे काम करते. तिला स्वतःला खायला फुलांतला मध लागतो, म्हणून हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी घालून ती फुलू दिली तर माशीनं अंडं टोचलेल्या घाटेअळ्यांचं प्रमाण वाढतं असं आपल्याच देशातल्या प्रयोगांत दिसलंय. सुरुवातीलाच कडक कीटकनाशक मारलं तर अळ्यांआधी ती मरते. त्यामुळे अळ्या लहान असतील तर आधी ओळीत बसून मोजा, आणि वाळल्या कातडीशेजारी बारीक करडा कोष दिसला तर तो तसाच राहू द्या.