शिशूच्या डोक्याचा घेर : 'सरासरी' आणि 'मानक' या शब्दांमागची पार्श्वभूमी

बाळाच्या डोक्याचा घेर कसा मोजावा याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो मोजलेला आकडा वाढीच्या तक्त्यातील कोणत्या रेषेशी ताडून पाहायचा, याचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर भरतो आणि पहिल्या वर्षाअखेर तो ४६ च्या आसपास पोचतो. न ताणणारी टेप भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी लागते. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून सैल झालेली असते, तिने अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि सहा महिन्यांच्या पुढे बाळाची महिनाभराची वाढच जवळपास तेवढी असते.

१९७७ मध्ये अमेरिकेत तयार झालेले आणि पुढे जगभर वापरले गेलेले वाढीचे तक्ते, तीन वर्षांखालील वयासाठी, ओहायो राज्यातील मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर आधारलेले होते. त्यांची जागा २००६ मध्ये सहा देशांतील, त्यांत दिल्लीतीलही, स्तनपानावर वाढलेल्या मुलांच्या तक्त्यांनी घेतली. डोक्याच्या घेराचे तक्ते २००७ मध्ये आले.

नागपूरचा संबंध येतो तो यानंतर. २००९ ते २०१४ या काळात झालेल्या इंटरग्रोथ-२१ या आठ ठिकाणांच्या अभ्यासात पेलोटास, तुरीन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, बीजिंगचा शुन्यी भाग आणि नैरोबी यांच्या जोडीला आपले शहर होते. गर्भातील डोक्याच्या वाढीत आढळलेल्या एकूण फरकापैकी ठिकाणांमुळे पडलेला फरक २.६ टक्के एवढाच निघाला. अशा आकड्यांवरून जगासाठी एकच मापदंड असावा, हा निर्णय पुढे रेटला गेला, आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे.

या अभ्यासात निवडलेल्या माता निरोगी, पोषण चांगले असलेल्या आणि गरोदरपणात धोका कमी असलेल्या होत्या. म्हणजे 'नागपूरचे तक्ते' असे आपण म्हणतो तेव्हा ती नागपूरच्या बाळांची सरासरी नव्हे, आणि मेळघाट किंवा गडचिरोलीची तर मुळीच नव्हे. सरासरी सांगते की बाळे कशी वाढत आहेत. मानक सांगते की अडथळा नसेल तर ती कशी वाढू शकतात. दवाखान्यात मात्र दोन्हींसाठी 'नॉर्मल' हा एकच शब्द चालतो. त्यामुळे घेर तक्त्यातील 'उणे दोन' रेषेखाली (मध्यापासून दोन प्रमाण विचलने खाली) गेलेल्या बाळाच्या आईला कुणी सांगते, "आपल्याकडची बाळं लहानच असतात," तर कुणी त्याच आकड्यावर मेंदूच्या आजाराचे नाव उच्चारते. माझ्या मते पहिले वाक्य अधिक घातक आहे, कारण स्थानिक सरासरीला मानक मानले की कुपोषण तक्त्यातच मुरते. तरीही आईबापांची डोकी लहान असलेले आणि आपल्याच रेषेला धरून वाढणारे बाळ, आणि दोन महिन्यांत रेष सोडून खाली उतरलेले बाळ, ही दोन वेगळी बाळे आहेत. एका दिवसाच्या आकड्यातून हा भेद दिसत नाही.

रेष कुठे आखायची हा प्रश्न किती नाजूक आहे, हे ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत दिसले; गरोदरपणात या विषाणूची लागण झाल्यास बाळाचे डोके लहान राहू शकते. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके लहान ठरवण्याची मर्यादा ३३ वरून ३२ सेंटिमीटरवर आणली गेली आणि संशयित बाळांच्या यादीत कोण यायचे हेच बदलले.

घेराकडून विकासाकडे इंटरग्रोथचे काम नंतर वळले. नागपूर, तुरीन, ऑक्सफर्ड, पेलोटास आणि नैरोबी येथील मुले दोन वर्षांची झाल्यावर त्यांची भाषा, हालचाल, लक्ष आणि वागणूक तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ठिकाणाठिकाणांतला फरक एकाच ठिकाणच्या मुलांमधल्या फरकापेक्षा फारच थोडा होता. याच शहरातल्या अंगणवाड्यांत मात्र वजनकाट्याला जे स्थान मिळाले, ते घेराच्या टेपला मिळालेले नाही.