जुना इंटरकॉम न काढता स्मार्ट करताना

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दुपारभर दारे-खिडक्या बंद असतात आणि कुलर पूर्ण वेगाने चालू असतो. अशा वेळी खाली फाटकाशी कोणी इंटरकॉमचे बटण दाबले, तर हॉलमधल्या भिंतीवरचा रिसीव्हर वाजलेला मागच्या खोलीत कळत नाही. रात्री घरातली माणसे गच्चीवर झोपायला गेली की हीच अडचण पुन्हा येते. बेल वाजल्याचे मोबाइलवर कळावे आणि तिथूनच फाटक उघडता यावे, अशी इच्छा मग होतेच, आणि त्यावर जुनी यंत्रणा काढून नवी बसवण्याचा सल्ला मिळतो. अपार्टमेंटमध्ये याचा अर्थ सगळ्या घरांचे वायरिंग बदलणे असा होतो आणि माझ्या मते त्याची गरज क्वचितच असते. जुन्या इंटरकॉमच्या शेजारी एक लहान सर्किट बसवून हे काम भागते. मात्र त्या सर्किटने मूळ यंत्रणेत ढवळाढवळ करता कामा नये, आणि ते बंद पडले तरी बेल, बोलणे व लॉक पूर्वीसारखेच चालले पाहिजे.

हे शक्य होते ते जुन्या रचनेच्या साधेपणामुळे. फक्त आवाजाच्या जुन्या इंटरकॉममध्ये बोलण्याच्या, लॉकच्या आणि सामाईक अशा काही तारा सर्व घरांना मिळून असतात, तर प्रत्येक घराच्या बेलसाठी एक स्वतंत्र तार येते. खाली बटण दाबले की त्या तारेवर साधारण १२ व्होल्टचा दाब येतो आणि बझर वाजतो. घरातले ‘दार उघडा’ हे बटण दाबले की दोन तारा एकमेकींना जोडल्या जाऊन लॉककडे प्रवाह जातो. म्हणजे नव्या सर्किटला दोनच कामे करायची असतात: एका तारेवर दाब आला की नाही हे ओळखणे आणि दोन तारा क्षणभर जोडणे.

पहिले काम वरवर सोपे दिसते, पण नुकसान बहुधा तिथेच होते. ईएसपी ३२ सारखा वायफायचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा लहानसा संगणक, ३.३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे बेलची तार थेट त्याच्या पिनला जोडली तर तो जळण्याचीच शक्यता अधिक. दाब कमी करून जोडला तरी दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांच्या सामाईक तारा एकत्र येतात आणि रिसीव्हरमध्ये ५० हर्ट्‌झची घरघर शिरू शकते; अपार्टमेंटमध्ये तारा सामाईक असल्याने ती शेजाऱ्यांनाही ऐकू येते. यावरचा उपाय म्हणजे ऑप्टोकप्लर. चार पायांच्या या लहानशा भागात एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. मधल्या पारदर्शक पण विद्युतरोधक थरातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे बेल वाजल्याची खबर मिळते आणि दोन्ही सर्किटे एकमेकांना न जोडताच राहतात. १२ व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावर चालणाऱ्या, बेलचा हिशेब पाहू. एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या १०.८ व्होल्टसाठी २.२ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) घातला की जवळपास ५ मिलीअँपिअर प्रवाह मिळतो आणि तेवढा पुरतो. बेल एसीवर चालत असेल तर १२ व्होल्टचे शिखर सुमारे १७ व्होल्टपर्यंत जाते आणि प्रवाहाची दिशाही उलटते. एलईडीला उलटा दाब फारसा सोसत नाही, म्हणून आधी प्रवाह एकाच दिशेचा करणारा ब्रिज रेक्टिफायर लावावा आणि सेकंदाला १०० वेळा येणारे ठोके प्रोग्रॅममध्ये एकच बेल म्हणून मोजावेत.

दोन तारांवर पुरवठा आणि संदेश दोन्ही नेणाऱ्या डिजिटल यंत्रणेत मात्र त्या तारांना हात लावू नये. तिथे रिसीव्हरमधल्या बझरवरून किंवा दिव्यावरून सिग्नल घेणे इष्ट.

दुसऱ्या कामासाठी रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, लागतो. त्याचे दोन संपर्क ‘दार उघडा’ बटणाला समांतर जोडले की हाताने बटण दाबणे आणि रिलेने दाबणे यांत यंत्रणेला काहीच फरक कळत नाही. लॉकमध्ये तारेचे वेटोळे असते, त्यामुळे प्रवाह तोडताच त्यातले चुंबकीय क्षेत्र कोसळून क्षणभर खूप मोठा दाब निर्माण होतो. त्याने रिलेचे संपर्क ठिणग्यांनी झिजतात आणि कधी मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. डीसी लॉकवर उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) किंवा एसी लॉकवर व्हॅरिस्टर (दाब फार वाढला की तो शोषणारा भाग) बसवला की हा दाब तिथेच शमतो. लॉकचा पुरवठा फाटकाजवळच असावा, हेही सांगितले पाहिजे. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेने २५ मीटरवरून पुरवठा नेला तर जाऊन-येऊन ५० मीटर तारेचा रोध सुमारे ४.४ ओहम होतो, आणि १ अँपिअर घेणाऱ्या १२ व्होल्टच्या डीसी लॉकला प्रत्यक्षात ९ व्होल्टही मिळत नाहीत. लॉक पुरेशा जोराने ओढला जात नाही, फाटक उघडत नाही, आणि दोष मात्र नव्या सर्किटला दिला जातो.

खेड्यापाड्यांत आणि उन्हाळ्यात शहरांतही वीज जाते-येते, आणि माझ्या मते या जोडणीची खरी कसोटी वीज परत येण्याच्या क्षणी लागते. मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याच्या काही पिना क्षणभर आपोआप चालू अवस्थेत जातात. रिले अशा पिनवर असेल तर कोणी न सांगता फाटक उघडते. म्हणून सुरुवातीला शांत राहणारी पिन निवडावी आणि ती रोधकाने शून्य व्होल्टकडे ओढून, म्हणजे बंद अवस्थेत धरून ठेवावी. दुसरा धोका संदेशांतून येतो. घरगुती उपकरणांत वापरला जाणारा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेश देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत, अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली तेलवाहिन्यांवरची माहिती उपग्रहामार्फत कमी खर्चात मिळवण्यासाठी तयार केला. त्यात शेवटचा संदेश जपून ठेवून नव्याने जोडल्या गेलेल्या उपकरणाला देण्याची सोय आहे. तापमानाच्या नोंदीसाठी ती उत्तम आहे, पण ‘फाटक उघडा’ हा आदेश तसा जपून ठेवला तर वीज आल्यावर तो पुन्हा पाळला जाईल. लॉकच्या आदेशाला ही सोय कधीही लावू नये.

लॉकचा प्रकारही तपासावा. प्रवाह मिळाल्यावर उघडणारा लॉक वीज गेल्यावर बंदच राहतो, तर चुंबकी लॉक वीज जाताच सुटतो, म्हणून त्याला बॅटरीचा आधार हवा. आग लागल्यास दार आतून हाताने उघडता आले पाहिजे, हे दोन्ही प्रकारांत पाहावे.

सर्किट फाटकाच्या पॅनेलमध्ये न बसवता घरात, रिसीव्हरजवळ ठेवावे. उन्हात तापलेल्या धातूच्या डब्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) लवकर सुकतात. दर १० अंश वाढीला त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. शिवाय घरात वायफायही नीट पोहोचते. बोलणे मोबाइलवर आणण्याच्या फंदात शक्यतो पडू नये, कारण प्रतिध्वनी आणि शिट्टीसारखा आवाज आवरणे अवघड जाते. चेहरा पाहायचा असेल तर वेगळा कॅमेरा लावणे सोपे.

घरातल्या घरात संदेश जायला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे मोबाइलची सूचना अडली तरी गच्चीवर किंवा कुलरच्या खोलीत बेलबरोबर लुकलुकणारा एक दिवा लावता येतो, आणि इन्व्हर्टरवर इंटरकॉम, हे सर्किट, राउटर व घरातले संदेश इकडून तिकडे पोहोचवणारा लहान संगणक असेल तर तो वीज गेल्यावरही चालतो. फाटक उघडण्याचा अधिकार मात्र जपूनच द्यावा. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. म्हणून पासवर्ड बदलावा, राउटरवर बाहेरून थेट येणारी वाट उघडी ठेवू नये, आणि इंटरकॉम सामाईक असेल तर तारांना हात लावण्याआधी सोसायटीची परवानगी घ्यावी.