कॅट परीक्षेचे स्वरूप

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी संगणकाधारित सामाईक परीक्षा. ती बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. आयोजनाची जबाबदारी आयआयएम आळीपाळीने सांभाळतात.

सध्याच्या स्वरूपाचा आरंभ कोठून मानावा, याबाबत एकवाक्यता नाही. काहींच्या मते तो २००९ हा होय. त्या वर्षी कागदी प्रश्नपत्रिका जाऊन संगणक आला आणि अनेक केंद्रांवरील तांत्रिक बिघाडांमुळे ते सत्र गाजले. मात्र माध्यम बदलले तरी रचना पुढेही बदलत राहिली. प्रत्येकी स्वतंत्र वेळ असलेले तीन विभाग, पर्यायांविना उत्तर टंकित करावयाचे प्रश्न आणि पडद्यावरील गणकयंत्र या तिन्ही गोष्टी २०१५ मध्ये एकत्र आल्या. त्यामुळे २०१५ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वेळी १८० मिनिटांत १०० प्रश्न असत. कोविडकाळात, २०२० मध्ये, अवधी १२० मिनिटांवर व प्रश्न ७६ वर आले. साथ ओसरली तरी जुना अवधी परतला नाही.

२०२४ च्या परीक्षेत ६८ प्रश्न होते : भाषिक क्षमता व उताऱ्यांचे आकलन २४, विदा-निर्वचन (दिलेल्या माहितीचा अर्थ लावणे) व तार्किक विचार २२, संख्यात्मक क्षमता २२. विभागांचा क्रम ठरलेला असून प्रत्येकाला ४० मिनिटे मिळतात. वाचलेला वेळ पुढील विभागाकडे नेता येत नाही. बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो, टंकित उत्तर चुकल्यास होत नाही. दुसऱ्या विभागात एका माहितीसंचावर अनेक प्रश्न अवलंबून असल्याने कोणता संच सोडून द्यावा, हा निर्णयही परीक्षेचाच भाग ठरतो.

परीक्षा एकाहून अधिक सत्रांत होत असल्याने कच्चे गुण थेट तुलनीय नसतात. सत्रांच्या काठिण्यातील फरक समायोजित करून समीकृत गुण काढतात व त्यांवरून गुणानुक्रम लावतात. एकूण परीक्षार्थी N आणि क्रमांक r असल्यास शततमक, म्हणजे रूढ भाषेत पर्सेंटाइल, (N − r) ÷ N × १०० इतके येते व ते दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित होते. समजा, ३,००,००० जण परीक्षेस बसले. तर ३,००० वा क्रमांक ९९.०० वर येतो. पंधराव्या क्रमांकाचे मूल्य ९९.९९५ भरते आणि पूर्णांकनाने १०० होते. म्हणून ‘१०० पर्सेंटाइल’ म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत आणि तो मान एकट्याचाही नसतो; वृत्तपत्री मथळ्यांत याची गल्लत नेहमी होते. शततमक एकूण गुणांसाठी तसेच प्रत्येक विभागासाठी वेगळे देतात. संस्था विभागवार किमान मर्यादाही लावत असल्याने एकच विभाग ढासळणे महागात पडते. मुलाखत, शैक्षणिक कामगिरी व कार्यानुभव यांचे भारांकन संस्थागणिक भिन्न असते.

महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची एमबीए प्रवेश परीक्षा वेगळी आहे. तिचा रूढ आराखडा १५० मिनिटांत २०० प्रश्नांचा असून चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; साहजिकच तेथे निवडीपेक्षा वेगाला अधिक महत्त्व येते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतील प्रवेशासाठी ही परीक्षा विशेष चुरशीची मानली जाते.