सात रंगीत उतरंडी : लास वेगसच्या वाळवंटात आमच्यासोबत येणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी,

सेव्हन मॅजिक माउंटन्स ही रंगीत दगडांची कलाकृती बघायला तुम्ही आमच्या गाडीतून येणार असाल, किंवा यायचं की नाही ते अजून ठरत नसेल, तर आधी हे वाचा. आमच्याकडे येणारे बहुतेक जण म्हणजे मुलगा-सून किंवा लेक-जावई कॅलिफोर्नियात, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, आणि लाँग वीकेंडला सगळे मिळून वेगस. मग ग्रँड कॅन्यन, हूव्हर डॅम, रात्रीची स्ट्रिप (वेगसचा झगमगत्या हॉटेलांचा रस्ता) ह्या सगळ्यात हे रंगीत दगड कुठेतरी पंधरा मिनिटांत बसवलेले असतात, उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. आमची एकच विनंती आहे, पंधरा मिनिटं नको, निदान एक तास द्या, आणि तो तास भर दुपारचा नको.

हे नेमकं आहे काय

सपाट, तपकिरी, झाड म्हणून नाही असं वाळवंट, आणि त्यात एकावर एक ठेवलेल्या प्रचंड दगडांच्या सात उतरंडी. एकूण ३३ दगड, एका उतरंडीत कुठे तीन तर कुठे सहा, आणि उंची ३० ते ३५ फूट म्हणजे साधारण तीन मजली बिल्डिंगएवढी. गुलाबी, पोपटी, नारिंगी, पिवळा, निळा, सगळे डोळ्यांत भरणारे रंग, एखादा दगड मुद्दाम काळा, पांढरा किंवा चंदेरी. आमच्या गाडीतले आजोबा लोक काच खाली करून पहिलं वाक्य बोलतात ते म्हणजे "अरे ही तर लगोरी!" आणि ते अगदी बरोबर आहे, कारण कलाकाराच्या डोक्यातही दगडावर दगड तोलून ठेवायचा हाच खेळ होता, शिवाय अमेरिकेच्या ह्या भागात वारा-पावसाने झिजून तयार झालेले दगडांचे उभे सुळके असतात ना, तेही होते.

कलाकाराचं नाव उगो रोन्डिनोने, जन्म १९६४, स्वित्झर्लंडचा, आईवडील इटालियन, राहतो न्यूयॉर्कमधे. ११ मे २०१६ ला हे लोकांसाठी खुलं झालं. नेवाडा म्युझियम ऑफ आर्ट आणि न्यूयॉर्कचा आर्ट प्रॉडक्शन फंड ह्या दोन संस्थांनी मिळून ते उभं केलं आणि खर्च आला सुमारे ३५ लाख डॉलर. दगड जवळपासच्याच खाणीतले चुनखडीचे आहेत. पडणार नाहीत ना, असं जवळजवळ प्रत्येक आई विचारते, तर नाही, प्रत्येक उतरंडीच्या आतून स्टीलचा दांडा घातलेला आहे.

जागा हीच का, हे कळलं की बघण्यात फार फरक पडतो असा आमचा अनुभव आहे म्हणून सांगतो. शेजारीच जीन नावाचं कोरडं तळं आहे, पाणी नसलेला भेगाळलेला सपाट तळ. १९६२ मधे ज्याँ टिंग्ली नावाच्या कलाकाराने, तोही स्विसच, भंगारातून यंत्रं जोडली आणि ह्या भागात आणून स्फोटाने उडवून दिली, तीच त्याची कलाकृती होती आणि अमेरिकन टीव्हीने ते शूट केलं. मग १९६८ मधे मायकेल हायझर ह्या अमेरिकन कलाकाराने ह्याच तळ्याच्या तळात वाकडातिकडा चर खणला, आज त्यातलं काही उरलेलं नाही, वाऱ्याने आणि पावसाने सगळं सपाट केलं. म्हणजे ज्या जागी एकाने उडवलं आणि दुसऱ्याने खणलं तिथे पन्नास वर्षांनी तिसऱ्याने दगड उभे केले, आणि तेही एका बाजूला कोरा निसर्ग आणि दुसऱ्या बाजूला लाइटांचं वेगस ह्यांच्या मधोमध. आम्ही गाडीत हे सांगतो तेव्हा मागच्या सीटवरची कॉलेजची मुलंसुद्धा फोन खाली ठेवतात.

रंग इतके भडक कसे

हा प्रश्न हमखास येतो. हायलायटर पेन किंवा ट्रॅफिक पोलिसांचं चमकणारं जॅकेट आठवा, त्याच जातीचा हा फ्लुरोसंट रंग. साधा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत पाठवतो, बाकीचा गिळतो. फ्लुरोसंट रंग उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही पकडतो आणि ते दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतो, त्यामुळे आजूबाजूच्या मातीपेक्षा तो दगड जास्त उजळ वाटतो, जणू आतून दिवा लावलाय. पण ज्या उन्हाने तो चमकतो तेच ऊन त्याला खातं, वाळवंटात तर भराभर, त्यामुळे मधे सगळं पुन्हा रंगवावं लागलं आणि पुढेही लागतं. तुम्ही जाल तेव्हा रंग किती ताजा असेल ते आम्ही नाही सांगू शकत, पण थोडा उतरलेला रंगही आम्हाला आवडतो, दगडाचा खडबडीतपणा जास्त दिसतो.

आपल्याकडे माळावर शेंदूर लावलेला एखादा दगड मैलभरावरून दिसतो ना, सगळं उन्हाने करपलेलं आणि मधेच तो एक लाल ठिपका, नजर तिथे जाऊन थांबतेच. हा देव नाही आणि इथे कोणी नारळ फोडत नाही, पण लांबून पहिल्यांदा दिसतात तेव्हा नजर अगदी तशीच थांबते. म्हणून आम्ही गाडी थेट पार्किंगला नेत नाही, अलीकडेच स्पीड कमी करतो, तेवढा वेळ प्लीज फोन बाजूला ठेवून नुसतं खिडकीतून बघा.

कधी जायचं

जागा रस्त्याच्या पूर्वेला आहे. म्हणजे संध्याकाळी पार्किंगमधून चालत गेलात की सूर्य तुमच्या पाठीशी आणि ऊन समोरच्या दगडांवर, सगळ्यात छान वेळ. सकाळी उलटं होतं, पार्किंगच्या बाजूने दगडांची सावलीची बाजू दिसते, तेव्हा सरळ वळसा घालून पलीकडे जा, तिथून दगडांवर कोवळं ऊन आणि त्यांच्या मागे मोकळं वाळवंट. गर्दी सकाळी कमी असते, म्हणून आई-बाबांसोबत येणाऱ्यांना आम्ही सकाळच सुचवतो.

मे ते सप्टेंबर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ह्या वेळात आम्ही इथली ट्रिप घेत नाही, कितीही आग्रह केला तरी नाही. एका जूनमधे दुपारी एक वाजता एका काकांना इथे चक्कर आली, अंगावर घाम दिसत नव्हता म्हणून आपल्याला उकडत नाहीये असं त्यांना वाटत होतं, पाणीही प्यायले नव्हते, सुदैवाने गाडीतल्या एसीत बसवून थोड्या वेळाने बरं वाटलं पण आमचे हातपाय गार पडले होते. मुंबई-कोकणाकडच्या लोकांना हे मुद्दाम सांगतो, इथे हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि लगेच उडून जातो, शर्ट ओला होतच नाही आणि पाणी मात्र अंगातून जात राहतं. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना समजवावं लागत नाही, ते स्वतःच डोक्याला उपरणं गुंडाळून उतरतात. जुलैत दुपारी ४० च्या वर पारा असतो, कधी ४५ च्या वरही जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मात्र चांगलीच थंडी आणि वारा, स्वेटर आणि कानटोपी लागतेच.

तिथे काय नाहीये

टॉयलेट नाही, पाण्याचा नळ नाही, सावली नाही, दुकान नाही. म्हणून निघताना आम्ही वाटेत एका गॅस स्टेशनला थांबतोच, तेव्हा "मला नाही लागली" असं न म्हणता सगळ्यांनी जाऊन या. गाडीत गार पाणी आणि लिंबू सरबत असतं, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि काहीतरी खायला तुम्ही आपलं जवळ ठेवा. जमीन सपाट असली तरी बारीक खडीची आहे, चपलेत खडे जातात, बूट घाला. कोणी काठी किंवा वॉकर घेऊन चालत असेल तर बुकिंग करताना सांगा म्हणजे आम्ही एक माणूस जास्तीचा आणतो.

साप असतात, रॅटलस्नेक, तशी पाटीही लावलेली आहे. मळलेली वाट सोडून झुडपांत शिरायचं नाही, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, आणि शेपटीचा खुळखुळा ऐकू आला तर जिथे आहात तिथे थांबा, आवाज कुठून येतोय ते बघा आणि हळूच मागे या.

आणि कासव. मोहावी, म्हणजे ह्याच वाळवंटातलं कासव कायद्याने संरक्षित आहे, नशीब असेल तर दिसतं, पण उचलू नका. ते घाबरलं की लघवी करून टाकतं, आणि ते पाणी म्हणजे त्याचा पुढच्या कित्येक महिन्यांचा साठा असतो, नंतर ते तहानेने मरू शकतं. गाडी काढण्याआधी आमचा ड्रायव्हर खाली वाकून बघतो त्याचं कारण हेच, सावलीला म्हणून कासवं गाडीखाली येऊन बसतात. आणि खाल्लेल्याचा एक तुकडाही तिथे टाकू नका, ठेपला असो की केळ्याचं साल, कारण खरकट्यावर डोमकावळे येतात, आणि तेच डोमकावळे कासवांची मऊ पाठीची पिल्लं फोडून खातात. सगळा कचरा आमच्या पिशवीत द्या, आम्ही वेगसला आणून टाकतो.

दगडांशी कसं वागायचं

जवळ जाता येतं, मधून फिरता येतं, कुंपण नाही. पण चढू नका, लहान मुलांनाही फोटोसाठी वर बसवू नका, आणि नाव लिहू नका. हे सांगायला लागतंय ह्याचं वाईट वाटतं, पण खालच्या दगडांवर लोकांनी नावं, बदाम, तारखा लिहून ठेवलेल्या आम्ही अनेकदा बघितल्यात, मग कोणाला तरी येऊन त्यावर पुन्हा रंग मारायला लागतो. फोटो काढताना फोनवर रंगीत दगडाला टॅप करून उजेड थोडा कमी करा, नाहीतर गुलाबी आणि पिवळा नुसता पांढुरका येतो. एखाद्या माणसाला दगडाच्या पायथ्याशी उभं करा तेव्हाच फोटोत उंची कळते. आणि मग शंभरेक पावलं लांब जाऊन पाच मिनिटं गप्प उभे राहा. वाऱ्याचा आवाज येतो, लांबून आय-१५ हायवेवरच्या ट्रकांचा येतो, बाकी काही नाही. आम्ही गेली कित्येक वर्षं येतोय तरी ती पाच मिनिटं आम्ही स्वतः चुकवत नाही.

रस्ता आणि पैसे

बघायला तिकीट नाही, आमचे पैसे फक्त गाडी आणि ड्रायव्हरचे. स्वतःची गाडी असेल तर आमची काही गरज नाही, रस्ता सोपा आहे. वेगसहून आय-१५ ने दक्षिणेला, स्लोनचा एक्झिट २५, डावीकडे वळून लास वेगस बुलेव्हार्ड, मग दक्षिणेला सुमारे ७ मैल, दगड डाव्या हाताला. स्ट्रिपवरून साधारण अर्धा तास. लॉस एंजेलिसकडून येत असाल तर जीनचा एक्झिट १२, मग बुलेव्हार्डने उत्तरेला ५ मैल, दगड उजव्या हाताला, म्हणजे हॉटेलवर पोचण्याआधीच बघून होतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, गाड्या जोरात येतात, पार्किंग आहे तिथेच लावा.

काही जण सॅल्व्हेशन माउंटन पण ह्याच दिवशी दाखवा म्हणतात. ते जमणार नाही, ते कॅलिफोर्नियात सॉल्टन सी नावाच्या तळ्याच्या बाजूला आहे, खूप लांब. लिओनार्ड नाइट नावाच्या एका माणसाने १९८४ पासून माती, गवताचा पेंढा आणि लोकांनी आणून दिलेला रंग वापरून तो डोंगर बनवला, पहिला ढासळला तर पुन्हा सुरू केला, २०१४ मधे तो गेला. तेही जरूर बघा, पण लॉस एंजेलिसहून वेगळा दिवस काढून.

अजून एक, हे दगड कायमचे नाहीत. जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची आहे, परवानगी आधी फक्त दोन वर्षांची होती, नंतर वाढत गेली आणि आत्ताची मुदत २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. त्यामुळे "पुढच्या वेळी आई-बाबा आले की बघू" असं मनात असेल तर ह्याच ट्रिपमधे बसवा.

बुकिंग आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. रात्री नऊला हवामान बघून आम्ही मेसेज करतो, वादळी पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर ट्रिप रद्द आणि पैसे पूर्ण परत, कारण इथे कोरड्या ओढ्याला अर्ध्या तासात लोंढा येतो. थोडा पाऊस पडून गेलेला असेल तर मात्र नक्की या, ओल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास तेव्हाच येतो.